तिसरी थाप

अंगात येणं, भानामती, पिंपळावरचा मुंजा... असल्या गोष्टींना मी जन्मभर हसत आलो. चौथी शिकलो आणि मार्केट यार्डात, भुसार बाजारात, हमालीला लागलो. पाठीवर पोतं असलं की भूत बघायला मान वर करायला येत नाही! पण जे घडलं ते घडलं. मी सांगतोय आणि लेकीची मुलगी सायली कम्प्युटरवर टाइप करतेय. ती आयटीत आहे. "आजोबा, तुमच्या शिव्या काढून टाकते हं," म्हणाली. टाक.

आधी आमचा एक नियम सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. ओझं घेतलेल्या हमालाला मागचं काही दिसत नाही. म्हणून मागून जो हात लावतो, त्यानं पोत्यावर थाप द्यायची. दोन थापा म्हणजे ओझं नीट बसलं, चल. तीन म्हणजे थांब. बोलायचं काम नाही. पाय आपोआप ऐकतात.

माझा मुलगा दत्ता सुट्टीत यार्डात यायचा, पोत्याला हात लावायचा, आणि दर वेळी तीन थापा! मी थांबायचो. मागची सगळी रांग अडायची. मुकादम ओरडायचा, "अरे, पोराला आधी दोनापर्यंत मोजायला शिकव!"

एकदा मी त्याचा कान धरला. तर म्हणतो कसा, "तीन दिल्या की तुम्ही थांबता, आण्णा. मग पुढं येऊन तुमचं तोंड बघता येतं. नाहीतर दिवसभर नुसतं पोतंच दिसतं."

तोच दत्ता पुढं खडकवासल्याच्या अकादमीत गेला. अहो, हमालाचा पोरगा लेफ्टनंट! पहिल्यांदा वर्दीत यार्डात आला, तेव्हा मुकादमानं त्याला सॅल्यूट ठोकला. यानं काय करावं? वर्दीसकट माझ्या पोत्याला हात लावला आणि दिल्या तीन थापा! सगळा गाळा हसला.

मग कारगिल झालं.

त्या दिवशी दुपारी तांदळाची गाडी खाली करत होतो. पोतं घेऊन थप्पीकडे निघालो... आणि पाठीवर थाप. थाप. थाप. पाय थांबले. तेवढ्यात समोरची थप्पी धाडकन कोसळली! एक पाऊल पुढं असतो तर चेंदामेंदा झाला असता. पोतं टाकून मागं वळलो, तर मागं कोणी नाही. हात लावणारा गडी केव्हाच गाडीवर चढलेला. आणि मी वेड्यासारखा उभा... आता कोणीतरी पुढं येऊन हसेल म्हणून.

संध्याकाळी मिलिटरीची गाडी दारात आली. दत्ता त्याच दिवशी सकाळी गेला होता.

थापांचं मी फक्त बायकोला, हिराला, सांगितलं. दुसऱ्या कोणाला नाही. हे ध्यानात ठेवा!

लढाई संपल्यावर दत्ताच्या तुकडीतला एक शिपाई घरी आला. शंकर नाव, साताऱ्याकडचा. चहा झाला, तरी कप हातात धरून बसलेला.

"काका, एक सांगू? हसू नका. सायबांनी आमाला थापा शिकवल्या हुत्या. अंधारात चढावर बोलायचं न्हाई. दोन म्हंजे चल, तीन म्हंजे थांब."

"बरं, मग?"

"सायेब गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दारूगोळा घिऊन चढत हुतो. मागनं तीन थापा आल्या. मी थांबलो, आन् म्होरं गोळा फुटला! वळून बघतुय तर मागं कुणीच न्हाई. रांगेत शेवटचा मीच हुतो, काका."

हिरा ताडकन उभीच राहिली. "ऐकलंत? अहो, ऐकलंत?" हसत होती, रडत होती, त्या शंकरच्या तोंडावरून हात फिरवत होती. अशी खूश मी तिला दत्ता गेल्यापासून बघितली नव्हती.

तो गेल्यावर मात्र म्हणाली, "तुम्हाला आला. त्या शिपायालाही आला. आईकडे का नाही आला?"

मी म्हटलं, "तू कधी पोतं उचललंस?"

हसली. पण त्या दिवसापासून भाकऱ्या थापताना, तांदूळ निवडताना दाराकडे पाठ करून बसायला लागली. वर्षानुवर्षं. मी विचारायचो, "आला का?" ती नुसती मान हलवायची. नाही.

यंदा ती गेली. तो न येताच गेली म्हणायची.

खांदा द्यायला माझी जुनी टोळीच आली, सगळे म्हातारे. मुकादम पुढं. तिरडी उचलली. मी बाजूला उभा होतो. हाताची सवय, बांबूवर दोन थापा दिल्या. ओझं बसलं, चला.

आणि तिसरी पडली!

माझा हात तोवर खाली आला होता. खणखणीत पडली. चौघेही जागच्या जागी थांबले. जावई विचारतोय, "काय झालं? थांबलात का?" मी पुढं गेलो आणि हिराचं तोंड बघितलं. डोळे भरून बघितलं.

मुकादम खांद्यानंच डोळे पुसत म्हणाला, "तुझ्या पोराला अजून दोनापर्यंत मोजता येत नाही बघ."

सायली म्हणते, बांबू तडकला असेल. असेल. आणि थप्पी? आणि शंकर? त्यावर ती नुसती टाइप करत राहते. तुमच्याकडे उत्तर असेल तर कळवा, पटेलच असं नाही.

हल्ली घरात मी दाराकडे पाठ करून बसतो.