शेवटच्या पंगतीचा शिरा

आमच्या गल्लीत चैत्रात मारुतीपुढे रोडग्यांची पंगत असते. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, वरण आणि गोडाला शिरा. गहू घरोघरचा जमतो, वांगी ज्याच्या वावरात असतील तो देतो आणि बाकीचा किराणा वर्गणीतून येतो. आधी पाव्हणे जेवतात, मग पुरुष, मग लेकरं आणि सगळ्यांत शेवटी आम्ही बायका. आमच्यापर्यंत रोडगे येतात, भाजीही येते. शिरा काही येत नसे. रवा आम्ही निवडायचा, आम्हीच भाजायचा, धुरानं डोळे आमचे लाल व्हायचे आणि शिऱ्याचा नुसता वास घेऊन आम्ही घरी यायचं. लग्न होऊन या गावात आले त्याला अठरा वर्षं झाली, त्यात एकदाही त्याची चव पाहिली नव्हती.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, याबद्दल कधी कुरकुरल्या नाहीत. तिकडे बादली खरवडल्याचा आवाज आला की त्या पत्रावळीवर हात आडवा धरायच्या आणि म्हणायच्या, मले कुठं आवडते गोड. मी बावळट, ते खरं मानत आले.

मागच्या साली देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. पंगतीचा किराणा वर्षानुवर्षं माझे चुलत सासरे, म्हणजे मामाजी, आणत. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, गल्लीत त्यांच्या शब्दाला मान. संग्रामपूरच्या बसस्टँडजवळचं जुनं दुकान त्यांचं ठरलेलं. यादी द्यायची आणि गाडीत माल टाकून यायचं, भाव विचारणं म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. त्यांनी जाहीर केलं की महागाई फार झाली, वर्गणी वाढवायची नाही, म्हणून या वर्षी शिरा बंद. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते. माझं डोकंच फिरलं.

"मामाजी, किराणा मी आणते. तेवढ्याच वर्गणीत शिरा करते, अन् बायांच्या पंगतीलेही पुरवते."

मामाजी हसले, आणि ते हसणं मला जास्त झोंबलं. "आणा सूनबाई. पन नाई पुरला, तं पुढच्या साली बायांनं किराण्यात तोंड घालाचं नाई."

आमचे हे मान खाली घालून चपलेचा अंगठा बघत बसले. घरी आल्यावर मात्र त्यांना कंठ फुटला. काऊन बोलली म्हणे, काय गरज होती. मी म्हटलं, गरज तुम्हाला नाही, तुम्ही दुसऱ्या पंगतीत बसता. पण खरं सांगते, भीती मलाही होती. शिरा नाही पुरला तर माझं एकटीचं नाक कापलं जाणार नव्हतं, गल्लीतल्या सगळ्या बायकांचं तोंड कायमचं बंद होणार होतं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन निघाले. जुन्या दुकानातले शेठजी भाव सांगायला कंटाळा करतात, पण पोत्यात हात घालू देतात, डाळ दाताखाली धरून पाहू देतात आणि उरलेला माल परत घेतात. चौकातल्या नव्या दुकानात भाव पाटीवर लिहिलेला, पण जरा जास्त वेळ उभं राहिलं की मालक विचारतो, ताई, घ्यायचं आहे का नुसतं पाहायचं आहे. शेगावच्या मार्टात कोणी काही विचारत नाही. गारेगार हवेत ढकलगाडी ढकलत कितीही फिरा. मी तासभर फिरले, नऊ वस्तूंचे भाव उतरवले आणि खोबरेलाची एक बाटली घेऊन बाहेर आले. दारावरच्या माणसानं त्या एका बाटलीचं बिल तीनदा पाहिलं.

मग पुन्हा एक फेरी मारून तिन्ही ठिकाणची पाव-पाव किलो तूरडाळ आणली आणि तीन पातेल्यांत सारख्याच पाण्यात शिजवली. चौकातली सगळ्यांत स्वस्त, पण ती शेवटपर्यंत टणकच राहिली. मार्टातली दिसायला देखणी, शिजून पातेल्यात एवढीशी झाली. शेठजींची महाग होती, पण अशी फुलली की पातेलं भरून वर आली. त्याच वरणात दोन जणं जास्त जेवली असती. घरच्यांनी मात्र तीन दिवस वरणच खाल्लं, आणि चौथ्या दिवशी यांनी ताटावर बसण्याआधी भाजी कोणती ते विचारलं.

घोडं अडणार होतं ते तेलावर. पंगतीत सगळ्यांत जास्त पैसा तेलात जातो. शेठजींकडे एकशे पासष्ट, मार्टात पुडा एकशे बावन्न. तेरा रुपयांचा फरक! मी इतकी खूश झाले की नमुन्याला आणलेला पुडा आत्याबाईंच्या हातात ठेवून म्हटलं, तेलातच शिऱ्याचा रवा निघाला बघा. आत्याबाईंना अक्षर वाचता येत नाही, पण त्यांनी जन्मभर वांगी-मिरची तोलून विकली आहे. त्यांनी पुडा तळहातावर खालीवर केला.

"हे किलोभर नाई व. हलकं लागून राह्यलं."

मी म्हटलं, अहो छापील पुडा आहे, खोटा कसा असेल. त्यांनी कोपऱ्यातला तराजू काढला, एका पारड्यात किलोचं माप ठेवलं आणि दुसऱ्यात पुडा. पुडा वरच राहिला. मी चष्मा लावला आणि पाहते तर काय, पुड्यावर लिटर लिहिलेलं! शेठजी तेल किलोनं देतात, मार्ट लिटरनं, आणि तेल पाण्याहून हलकं. दहावीपर्यंत शिकलेली मी, वहीत दोन्ही एकाच रकान्यात मांडून मोकळी झाले होते. नीट हिशेब केला तर मार्टाचं तेल किलोमागे दोन रुपयांनी महागच पडत होतं. भर पंगतीत तेल कमी पडलं असतं. मी वहीतला तो रकाना खोडला. आत्याबाई तराजू पुसून जागेवर ठेवत होत्या, जसं काही झालंच नाही.

आता शेठजींपुढे वही उघडली. म्हटलं, डाळ आणि तेल दोन्ही तुमच्याकडून, पण ठोक भाव द्या, सुट्टा नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, तुमच्या मामाजींनी इतक्या वर्षांत कधी मागितला नाही, नाहीतर दिला असता. मी तो भाव लिहून घेतला. रवा आणि शेंगदाणे चौकातून घेतले, नुसतं न पाहता.

राहिली साखर. ती मार्टात फारच स्वस्त होती, पण एका बिलावर दोनच किलो. मला लागत होती बावीस. विचार करता करता लक्षात आलं की गुरुवार येतोय आणि गल्लीतल्या बायका तशाही शेगावला दर्शनाला जातात. मग काय, अकरा जणी एसटीनं निघालो. आधी महाराजांचं दर्शन घेतलं, प्रसाद घेतला आणि मग मार्टात शिरलो. कपाळाला अष्टगंध लावलेल्या अकरा बाया, प्रत्येकीच्या हातात दोन-दोन किलो साखर, एकामागे एक रांगेत. बिल करणारी पोरगी पाचव्या बाईपर्यंत गंभीर होती. सहावीला तिनं विचारलं, मावशी, आज काही आहे का? सहावी म्हणाली, हाव, आमच्या बायांची पंगत आहे. ती पोरगी हसली आणि पुढची साखर यंत्रावरून सरकवली. येताना एसटीत आम्ही इतक्या हसत होतो की कंडक्टरनं दोनदा मागे वळून पाहिलं.

पंगतीच्या दिवशी शिऱ्याच्या दोन कढया चढल्या. पाव्हणे जेवले, पुरुष जेवले, लेकरांनी तिसऱ्यांदा मागून खाल्ला. मी प्रत्येक पंगतीनंतर झाकण उचलून बघत होते. दुसरी कढई अर्धी होती. मग आम्ही बसलो. बायकांच्या पंगतीला पुरुष वाढतात, आणि शिऱ्याची बादली मामाजींच्याच हातात होती. बादली वरपर्यंत भरलेली. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

मामाजी माझ्यापुढे आले, भरून डाव वाढला आणि हळूच म्हणाले, "पुढच्या साली यादी तुमच्याचकडं."

मग ते आत्याबाईंकडे वळले. इतकी वर्षं त्यांचं तेच वाक्य ऐकलेलं, डाव बादलीतच ठेवून पुढे सरकणार, तोच थांबले.

"वयनी, तुम्हाले तं गोड आवडत नाई नं?"

आत्याबाईंनी पत्रावळीवरची भाजी एका बाजूला सारली आणि मधोमध जागा केली.

"कोनं सांगतलं? वाढा."