बांबूची नळी

शाळा मी तिसरीत सोडली, तरी गावात कुणाचं जनावर आजारी पडलं की आधी मला बोलावणं यायचं. गंगापूर रोडच्या पलीकडे आमचा मळा. फ्लॉवर, कोबी, बांधाकडेला झेंडू. माल नाशिकला गेला की उरलेला पाला जनावरांना. पाला जास्त झाला की पोट फुगायचं. मग माझी बांबूची नळी निघायची. जनावराची मान वर ओढायची, जीभ धरायची आणि नळीनं गोडं तेल घशात ओतायचं. बापाचं बघून शिकलो होतो.

माझी पोरगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. जेवायचं ताट घेऊन गोठ्यात बसायची. तांबडी गाय तिची लाडकी. तिची आई ओरडायची, "भाकर तुला दिली, गायीला कशाला?"

"तिनं मागितली," पोरगी म्हणायची.

एकदा त्याच तांबडीचं पोट फुगलं. मी तेल पाजलं. तिला जोराचा ठसका लागला. पोट उतरलं, पण गाय धापा टाकायला लागली आणि आठवड्याच्या आत गेली. मी गावभर सांगितलं, नजर लागली.

"दादा, ती खोकत का होती?" पोरीनं विचारलं.

"तुला काय कळतं?" म्हणून मी उठून गेलो.

पुढं बारावीला तिनं ढोरांची डॉक्टर व्हायचं काढलं. माझा मेहुणा हसला, "पोरीची जात, शेणात हात घालणार?"

मी म्हणालो, "आमच्या घरात सगळ्यांचेच हात शेणात हायेत." आणि तिला मुंबईला धाडली. दर रविवारी एसटीडीवरून फोन करायची. आधी गायींची विचारपूस, मग आमची.

शेवटच्या वर्षाला ती सुट्टीत आली, आणि तांबडीच्या नातीचं पोट फुगलं. रंग अगदी आजीचा. मी नळी घेऊन धावलो. पोरगी आडवी उभी राहिली.

"दादा, नळी नको. बाटली आणा. आणि मान वर ओढायची नाही."

"किती जनावरं वाचवली मी, माहितीये?"

"माहितीये. एक गेली, तेही माहितीये."

"ती नजरेनं गेली."

"तेल फुप्फुसात गेलं होतं, दादा." हे ती हळूच बोलली, गायीच्या पोटावर हात ठेवून.

"कधीपासून ठाऊक हाय तुला?"

"कॉलेजात शिकवलं तेव्हापासून."

"मग बोलली नाय?"

"तांबडी गेली तेव्हा दोन दिवस जेवला नव्हतात तुम्ही."

मी तेलाची बाटली आणली. तिनं ती माझ्याच हातात दिली. "तुम्हीच पाजा. तिला तुमच्या हाताची सवय आहे."

थोडं ओतायचं, गिळू द्यायचं, थांबायचं. मध्येच गाय खोकली. मी तिची मान घट्ट धरली.

"सोडा मान. खोकू द्या. काही नाही होत."

मी सोडली. गाय, पोरगी अन् मी, तिघं खोकला थांबेपर्यंत तसेच उभे. मग पुन्हा घोट घोट पाजलं. बऱ्याच वेळानं गायीनं एवढा मोठा ढेकर दिला, की बायको ओट्यावरून म्हणाली, "आता बाप-लेक दोघं जेवायला या."

पुढच्या हप्त्यात शेजाऱ्याच्या बैलाचं पोट फुगलं. मी बाटली घेऊन गेलो.

"नळी कुठंय तुमची?" बैलाची मान वर ओढत शेजाऱ्यानं विचारलं.

"चुलीत घातली. तिच्यापायीच माझी तांबडी मेली. नजरबिजर काय नव्हती, मीच चुकलो. तू आधी बैलाची मान खाली घे."