दुखतं, हे सांगायचं कुणाला

विनिता मूळची जांभूळ गावची, सासर बदलापूर गावातलं. लग्नाआधीपासून ती उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची. तोंडाने फटकळ, कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. पण मुलगी झाली आणि तिची बोलतीच बंद झाली.

बाळंतपणात टाके पडले होते. ते सुकले, बारसं झालं, माहेरी राहिलेली बाळंतीण सासरी परतली. नवरा भूपेश अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. स्वभावाने मवाळ. त्याने पहिल्यांदा जवळ घेतलं तेव्हा विनिताच्या अंगातून अशी कळ गेली की तिने श्वास रोखून धरला. पुढच्या वेळी तिने त्याचा हात बाजूला केला. मग रोज नवं कारण. बाळ रडतंय, कंबर धरलीय. शेवटी भूपेश बाहेरच्या खोलीत झोपू लागला. विनिताने मनाशी ठरवूनच टाकलं की आपल्यात काहीतरी कायमचं बिघडलंय. हे सांगायचं तरी कुणाला?

बाळाला लस द्यायला ती अंबरनाथच्या दवाखान्यात गेली. तिथे नव्या आयांशी बोलायला राजसी नावाच्या समुपदेशक बाई बसत. बाळ नीट पितं का, तुझी झोप होते का, असं विचारता विचारता त्यांनी त्याच सुरात विचारलं, "नवऱ्याजवळ जाताना दुखतं का गं?"

विनिताने मानेनेच हो म्हटलं. मग ओढणीत तोंड खुपसून रडली.

बाईंनी तिला रडू दिलं. मग डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेतलं. जखम भरली होती, पण टाक्यांची जागा कडक झाली होती आणि भीतीने आतले स्नायू आखडत होते. अंगावर पाजणाऱ्या बाईला कोरडेपणाही येतो, पुष्कळ जणींना येतो, असं बाईंनी समजावलं. स्नायू सैल सोडायचे व्यायाम शिकवले, लावायला जेल सांगितलं.

"दुखत असताना सोसायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी त्यांनाही आण."

भूपेश आढेवेढे घेत आला. खुर्चीत बसून पंख्याकडे बघत राहिला. बाईंनी सगळं सांगितल्यावर हळूच म्हणाला, "मला वाटलं, हिला मी नकोसा झालो."

"मला वाटलं, तुम्ही रागावलात," विनिता म्हणाली.

परतताना त्याने शिवमंदिराजवळ बाईक थांबवली. मांडीवर बाळ घेऊन दोघं कितीतरी दिवसांनी निवांत चहा प्यायले. त्या रात्रीपासून तो आत झोपू लागला. कुणालाच घाई नव्हती. नुसतं शेजारी पडून बोलायचं, एवढंच.

सासूला, म्हणजे वेणूला, विनिताने थोडक्यात सांगितलं. ती ओरडेल अशी विनिताला धास्ती होती. वेणू नातीच्या अंगाला तेल चोळत होती.

"आमाला कोनी इचारला नाय गो," ती म्हणाली. "सहा बालंतपना झाली माजी."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी ती नातीला घेऊन ओट्यावर बसू लागली, सून खोलीत निवांत व्यायाम करी.

सगळं सुरळीत व्हायला काही महिने गेले. एकदा प्रयत्न केला, दुखलं, तिथेच थांबले. नंतर एकदा दुखलं नाही, आणि विनिताला हसूच फुटलं. आता ती पुन्हा कामावर जाते. कधी कधी अजून बोचतं. तेव्हा ती सरळ सांगते, आणि भूपेश थांबतो.