दमानं घ्या

ज्याच्यापुढे इतकी वर्षं गायले त्यानंच गळा बंद केला, तर गाऱ्हाणं कुणापुढे घालायचं? हा प्रश्न मला त्या माघात पडला आणि बरेच दिवस छातीवर बसून राहिला. सुरुवात साध्या सर्दीनं झाली. आल्याचा काढा, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या, सगळं झालं. एका सकाळी समई लावून स्तोत्र म्हणायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि स्वरतंतूंना सूज आहे म्हणाले. बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. "आवाज येईल हो बाई," ते म्हणाले, "पण पूर्वीचाच येईल असं मी सांगत नाही." 

सिडकोतल्या आमच्या महिला भजनी मंडळात मुख्य गाणारी मी. माझी ख्याती एकाच गोष्टीची होती, हुबेहूब गाण्याची. ध्वनिमुद्रिकेत जी हरकत असेल ती मी तशीच्या तशी उचलायची. मोबाइल कानाला लावून एकेक ओळ घोटायची, मूळ गायिकेनं जिथे श्वास घेतला असेल तिथेच मीही घ्यायची. "डोळे मिटले की रेडिओच लागलाय असं वाटतं," असं बायका म्हणायच्या आणि मला ते ऐकून मूठभर मांस चढायचं. हनुमान जयंतीला कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात पहिला अभंग माझाच, हे इतकं ठरलेलं होतं की कुणी विचारतही नसे. आता जयंती चैत्रात येणार होती आणि माझ्या गळ्यात काही नव्हतं. त्या दिवशी मी गाऊ शकेन का, आणि नाही गायले तर त्यानंतर मी कोण, एवढंच माझ्या डोक्यात फिरत असे. लोकांना हे हसण्यासारखं वाटेल. पण मला तेव्हा खरोखर भीती वाटत होती.

घरात मात्र हसणारे होतेच. आमचे हे एसटीतून निवृत्त झालेले. ते शेजाऱ्यांना सांगत, "लग्नानंतर पहिल्यांदाच घरात बातम्या पूर्ण ऐकू येतात." डॉक्टरांनी मऊ खायला सांगितल्यामुळे रोज मुगाची खिचडी होती, म्हणजे मूग गिळून गप्प बसणं काय असतं ते मी शब्दशः अनुभवलं. काही हवं असेल तर टाळी वाजवायची. एक टाळी म्हणजे चहा, दोन म्हणजे दार उघडा. हे मुद्दाम उलट करत. मी वरवर हसायची, पण आतून रुसले होते, आणि ह्यांच्यावर नाही, देवावर. पूजा चुकवत नव्हते, पण भांडून बसलेल्या सुनेनं स्वयंपाक करावा तशी उरकत होते. शेवटी एका शनिवारी ह्यांनीच पिशवी उचलली. "चल, खुलताबादला जाऊन येऊ. तुझं तुझ्या मारुतीशी काय ते समोरासमोर होऊन जाऊ दे." मला नाही म्हणताही येत नव्हतं, म्हणून मी निघाले.

खुलताबादचा भद्रा मारुती निजलेला आहे. इतर ठिकाणी तो द्रोणागिरी उचलून उभा असतो, नाहीतर हात जोडून असतो, इथे मात्र आडवा. एक राजा रामाची भजनं गात होता, ती ऐकता ऐकता मारुतीला भान राहिलं नाही आणि तो तिथेच आडवा झाला, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गाणं ऐकून निजलेला देव! त्याच्यापुढे मी मुकी उभी होते. रुईचा हार वाहिला, तेल वाहिलं आणि मनात एकच म्हटलं, माझा होता तो आवाज मला परत दे. दुसरं काही नको.

दर्शन घेऊन मागे वळले, तर सभामंडपात कुठल्याशा गावच्या बायका भजनाला बसल्या होत्या आणि त्यांनी नेमका माझा अभंग धरला. माझा म्हणजे, जो मी दर जयंतीला गायचे तो. मला तिथे थांबवेना. ह्यांना खूण केली आणि गर्दीतून वाट काढत बाहेर आले. नारळ-हारांच्या दुकानांपलीकडे एका लिंबाखाली बसले आणि रडू फुटलं. आवाज काढायचा नाही म्हणून रडणंही कोंडलेलं, त्यानं श्वास वर वर जाऊ लागला. छाती भरून येई आणि सुटत नसे.

तेवढ्यात पाठीमागून एका बाईचा आवाज आला. "दमानं. दमानं घ्या जरा. कुनी हिसकून घ्यायलंय का?"

हिसकून! माझ्या मनात इतके दिवस तोच शब्द होता, की त्यानं माझं हिसकून घेतलं. मी मागे न बघता डोळे मिटले आणि सांगितल्याप्रमाणे श्वास दमानं घेतला. मग आणखी एक. "व्हय, अस्सं," तो आवाज म्हणाला. "आता कसं?" खरंच बरं वाटलं होतं. छातीतली गाठ हळूहळू सैल झाली. किती वेळ गेला ठाऊक नाही. पदरानं डोळे पुसून त्या माउलीकडे बघायला मी वळले.

तर ती माझ्याकडे बघतही नव्हती. लिंबाच्या दुसऱ्या बाजूला आपल्या थकलेल्या सासूला ती नारळाचा प्रसाद भरवत होती. म्हातारीच्या तोंडात दात नव्हते, घाई मात्र फार होती, आणि तिला ठसका लागला होता. ती सगळी वाक्यं तिच्यासाठी होती. माझे डोळे पाहून ती बाई चपापली. "काय झालं वो मावशी?" मी गळ्याकडे बोट दाखवून हात हलवला. "बोलता येत नाय? मंग ऱ्हाऊ द्या की. नका बोलू." एवढं बोलून तिनं खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि पुन्हा सासूकडे वळली. "आमच्या आत्याबाईला लई घाई, बघा," ती हसत म्हणाली. म्हातारीही हसली. मी ते खोबरं खाल्लं. इतक्या दिवसांत चव लागलेली ती पहिली गोष्ट.

परतीच्या बसमध्ये मी विचार करत होते. शब्द माझ्यासाठी नव्हता हे खरं. पण माझ्यापाशी पोचला हेही खरं. दुसऱ्याचं पत्र आपल्या दारात पडावं आणि उघडून पाहावं तर मजकूर आपलाच असावा, असं काहीसं झालं. याला चमत्कार म्हणावं की नाही, त्या वादात मी पडत नाही. म्हातारीला ठसका लागला नसता तर मी अजून रुसलेलीच असते, म्हणून त्या अनोळखी सासूसुनेला मी रोजच्या नमस्कारात धरते.

शब्दही कसा बघा. दम म्हणजे श्वास. दम धरणं म्हणजे वाट पाहणं. आमच्याकडे मराठवाड्यात उठता-बसता दमानं म्हणतात; रस्ता ओलांडताना, गरम चहा पिताना, चिडलेल्या माणसाला. मी जन्मभर ऐकत आले होते आणि एकदाही ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी तेवढंच करायचं ठरवलं. भाकरी थापायची तर नुसती भाकरी थापायची, हाताखाली पीठ फिरतंय ते बघत. तूर निवडायची तर तूर. पूर्वी मी कणीक मळताना मनात कालची हरकत घोटत असे, हात एकीकडे आणि मी भलतीकडे. आता घोटायला काही नव्हतंच. सुरुवातीला ते फार पोकळ वाटलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असंही मनात आलं. पण चारआठ दिवसांत त्या पोकळीची सवय झाली आणि मग तिथे बरं वाटू लागलं.

आमच्या शहरात नळाला पाणी येणं म्हणजे सणच, फरक इतकाच की सण पंचांगात सापडतो. पाणी आलं की सगळ्या गल्लीत धावपळ, आरडाओरडा, मोटारींची घरघर. एकदा सकाळी असंच पाणी आलं. एरवी मी चार ठिकाणी ओरडत पळाले असते. ओरडता येत नसल्यामुळे नळापाशीच बसून राहिले आणि एकेक भांडं लावत गेले. भरता भरता हंडा बोलत होता. आधी खोल घुमला, मग स्वर चढत चढत गेला आणि पाणी तोंडाशी आल्यावर बारीक झाला. कळशीचा स्वर वेगळा, पिंपाचा त्याहून वेगळा. हंड्यानं हंड्यासारखं भरावं, कळशीनं कळशीसारखं, यात कुणालाच अडचण नव्हती. आणि हंडा चढत असताना माझ्या मनात त्या जयंतीच्या अभंगाची पहिली ओळ आपोआप त्याच्यावर बसली. जुन्या चालीत नाही. खालून, अगदी खर्जातून सुरू झाली, सावकाश वर आली आणि जिथे श्वास संपला तिथे थांबली. मला हसू आलं. हंडा भरून वाहू लागला, ह्यांनी आतून आरडाओरडा केला, तरी मी तशीच बसून.

डॉक्टरांनी हळूहळू बोलायला परवानगी दिली. जो आवाज आला तो घोगरा, जाड, पुरुषीच म्हणा ना. हे म्हणाले, "कोण बोलतंय?" आणि मग माझा चेहरा पाहून लगेच म्हणाले, "नाही, चांगला आहे. भारदस्त." मागितलेला आवाज काही परत आला नव्हता. आमच्या पेटीवाल्या सुमनताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "जयंतीला नुसत्या बसा, एक अभंग जमला तर म्हणा. नाही जमलं तर आम्ही आहोतच." मी हो म्हटलं.

जयंतीला सूर्योदयाला जन्म झाला, पाळणा झाला आणि बायका भजनाला बसल्या. सुमनताईंनी पेटीवर सवयीनं माझी नेहमीची उंच पट्टी, काळी पाच, धरली. मीही भांबावले आणि सवयीनं जुनीच चाल उचलली. दुसऱ्या ओळीला वर जायचं होतं, तिथे आवाज फाटला. टाळ थांबले. समोरच्या बायकांनी माना खाली घातल्या, ते मला सगळ्यात जास्त लागलं. ज्याची इतके दिवस भीती होती ते सगळ्यांदेखत होऊन गेलं होतं. आणि होऊन गेल्यावर, खरं सांगते, भीतीच राहिली नाही. माझ्यापाशी राखायला काही उरलंच नव्हतं. मी मारुतीकडे पाहिलं, मनात म्हटलं, आता तुझं तू बघ. मग सुमनताईंना म्हणाले, "दमानं घेऊ. पांढरी चार द्या."

ती खालची पट्टी ऐकून त्या जरा दचकल्या, पण त्यांनी दिली. मी हंड्यापाशी सुचलेली चाल धरली. श्वास पुरेल तेवढंच गायले, संपला की थांबले. बायका एक क्षण घोटाळल्या आणि मग त्या थांब्यावर त्यांनी ध्रुपद उचललं. पुढे कुणाला काही सांगावं लागलं नाही. अभंगाचे शब्द मी शेकडो वेळा म्हटले असतील, त्यांचा अर्थ मला त्या सकाळी लागला, कारण पुढच्या हरकतीची काळजी नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसावंसंही वाटलं नाही. संपल्यावर रेडिओ लागलाय असं कुणी म्हटलं नाही. एक बाई नुसतीच माझ्या दंडाला हात लावून गेली.

सुंठवड्याच्या रांगेत सुमनताई माझ्यामागे उभ्या होत्या. "चाल कुणाची हो ही? नाव सांगा, मी पण मोबाइलवर शोधते."

"मोबाइलवर नाही सापडायची," मी म्हणाले.

"मग? तुमची?"

मी हो म्हणणारच होते. इतकी वर्षं मोठमोठ्या गायिकांची नावं मी ऐटीत सांगितली होती, आणि आता स्वतःचं सांगायची वेळ आली तर तेही खरं वाटेना. खुलताबादला त्या निजलेल्या देवापुढे मी काय मागितलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

"मी दुसरंच मागत होते, ताई," मी त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बरं झालं, त्यानं ऐकलं नाही."