फिलूकाकीचं देवाशी बोलणं

फिलूकाकी देवाशी मोठ्यानं बोलायची. प्रार्थना म्हणायची असं नाही. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलायची. गिरीज गावात आमच्या आणि तिच्या वाडीच्या मधे नुसतं मेंदीचं कुंपण होतं. सकाळी केळींना पाणी सोडताना चाललेलं तिचं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू यायचं. "गुडघा आज बरा आहे, तुला सांगायचं राहिलं." मग थोडं थांबून, "आणि जॉनीच्या पोरीच्या नोकरीचं बघ. तिसऱ्यांदा सांगतेय." नव्या माणसाला वाटायचं, वाडीत आणखी कुणीतरी आहे. काकी घरची बोली बोलायची. इथं मी ती जरा सरळ करून लिहितोय.

देवाशी एवढी सलगी असलेली बाई नियमांच्या बाबतीत ढिली असेल, असं कुणालाही वाटेल. पण रविवारची चर्चमधली सातची मिस्सा तिनं चुकवल्याचं मला आठवत नाही. एकदा वादळात तिची सगळी केळी आडवी झाली. घड भरत आले होते. त्या रविवारी ती चर्चमध्ये आली, शेवटच्या बाकावर बसली आणि एकही गाणं म्हणाली नाही. बाहेर आल्यावर माझ्या आईनं कारण विचारलं.

"आमचं भांडण झालंय," काकी म्हणाली. "आज मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही."

"मग आलीस कशाला?"

"अबोला घरात राहून धरायचा असतो. घर सोडून गेल्यावर कसला अबोला?"

तिसऱ्या रविवारी ती पुढच्या बाकावर गाताना दिसली. माघार कुणी घेतली, ते तिनं सांगितलं नाही.

आईचं वेगळं होतं. तिला मिस्सा म्हणजे कर्तव्य. शुक्रवारी मांस नाही, संध्याकाळी रोझरीची जपमाळ, आणि त्या वेळी कुणाचं मन कुठं आहे याची चौकशी नाही. मी नोकरीला लागलो त्या वर्षी एका रविवारी सांगून टाकलं, "मला तिथं काहीच वाटत नाही. मी येणार नाही." आईनं माझ्याशी बोलणं सोडलं. आठ दिवसांनी तोंड उघडलं ते मला काकीकडे धाडण्यासाठी. काकी चांगली खडसावील अशी तिची खात्री होती.

काकी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको जाऊस. पण त्याला तसं सांगून ये."

"कुणाला? फादरना?"

"फादरचा काय संबंध? ज्याच्याकडे जाणार नाहीस, त्याला. लग्नाला जायचं नसलं तरी निरोप देतोच ना आपण?"

मला हसू आलं, तरी मंगळवारी दुपारी गेलो. चर्च रिकामं होतं. एक बाई फरशी पुसत होती. मी बसलो आणि मनात म्हणालो, मी येणार नाही. मग का येणार नाही, तेही सांगावं लागलं. त्यातून बाबांचं निघालं. त्यांच्या आजारात मी पाठ असलेल्या सगळ्या प्रार्थना म्हणून थकलो होतो, आणि तरी ते गेले होते. हे मी कुणाजवळच बोललो नव्हतो. फरशी पुसून झाली, बाई बादली घेऊन गेली, तरी माझं संपलं नव्हतं.

"सांगितलंस?" परतल्यावर काकीनं विचारलं.

"सांगितलं. पाऊण तास लागला."

"मग बोलतोस की चांगला," म्हणाली आणि खुशीत हसली.

रविवारी मात्र मी गेलो नाही. अधूनमधून रिकाम्या दुपारी जात राहिलो. एकदा तिलाच विचारलं, "वाडीत बोलतेसच त्याच्याशी, मग रविवारी नटून कशाला जातेस?"

"तुझ्या काकाशी मी लग्नाआधीही बोलायचे. म्हणून काय लग्नाला चारचौघांत उभी राहिले नसते?"

पुढं तिचे गुडघे पार गेले. फादर घरी कम्युनियनचा प्रसाद घेऊन येऊ लागले. म्हणाले, "आता तुम्हाला रविवारची सूट आहे."

"सूट कामाला असते, फादर," ती म्हणाली. "मला तर जायचंय."

मग प्लॅस्टिकची खुर्ची आली. तिचा मुलगा, पुतण्या, मी आणि समोरच्या नव्या इमारतीतले शिंदे असे चौघं तिला उचलून न्यायचो. शिंदे कोल्हापूरकडचे, चर्चच्या दाराशी चपला काढून मिस्सा संपेपर्यंत हात जोडून उभे राहायचे. काकी वाटेत दोन्ही बाजूंच्या घरांची विचारपूस करायची आणि आम्हाला खड्डे दाखवायची. परत आणायचं असल्यामुळे मलाही आत बसावं लागे. असे वर्षभराचे रविवार झाले. त्यावर ती मला एका शब्दानं काही म्हणाली नाही.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात, सकाळी चहा पिता पिता ती गेली. शिंद्यांनी खांदा दिला.

पुढच्या रविवारी साडेसहाला मी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आलो. आई दारात चपला घालत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आज कुणाला उचलायचंय?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो. "चल, उशीर होईल."