श्रावणची सिद्धता

१९६३च्या जूनमध्ये कॉलेज उघडलं. पहिल्याच तासाला हजेरी घेताना गफ्फारसरांच्या तोंडून यादीत नसलेलं नाव गेलं, "श्रावण राठोड." श्रावण मे महिन्यात टायफॉईडनं गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनाही.

गफ्फारसर मूळचे दिग्रसचे. यवतमाळला गणित शिकवत. आठवड्याला बावीस तास, आणि सकाळी उरला वेळ स्वतःच्या संशोधनाला. संख्यांच्या एका प्रश्नावर ते सहा वर्षं अडले होते. जानेवारीत श्रावणनं त्याचीच सिद्धता वहीत लिहून आणली. समोर उत्तरपत्रिकांचा ढीग होता. सरांनी उभ्याउभ्या वही चाळली, तिसऱ्या पानावरल्या एका पायरीपुढे 'चूक' लिहिलं आणि परत दिली. पोरगा वही घेऊन गेला.

तो गेल्याची बातमी आली, त्या आठवड्यात सरांना ती पायरी आठवली. मांडून पाहिली, तर बरोबर निघाली. पुढलं काही आठवेना.

आता फळ्याकडे तोंड केलं की पाठीशी कुणी उभं असल्यासारखं वाटे. वळून पाहावं, तर मुलं खाली मान घालून लिहीत असत. घरी कागद पुढे ओढला तरी तेच.

पहिल्या रविवारी ते एसटीनं दिग्रसला आणि तिथून पायी श्रावणच्या तांड्यावर गेले. त्याची आई मैनाबाई दारात बसली होती. सरांनी वहीचं विचारलं.

"पेटीत हाये," ती म्हणाली. "म्या म्हटलं, काहून रे, आता लिहीत नाहीस? तर म्हणे, सरायनं पाह्यलं, चूक हाये. सर चुकत नाईत."

"मीच चुकलो, माय. त्याचं बरोबर होतं. मी नीट वाचलंच नाही."

मैनाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. "मंग त्याले काहून नाई सांगतलं?"

मग तिनंच उठून वही आणून दिली.

सरांनी ती स्वच्छ उतरवली, दोन ठिकाणी राहिलेलं भरलं आणि श्रावणच्या एकट्याच्या नावानं कलकत्त्याच्या एका नियतकालिकाकडे पाठवली. पुढच्या वर्षी छापून आली. सर अंक घेऊन तांड्यावर गेले. मैनाबाईला वाचता येत नव्हतं. नाव कुठं आहे, ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

स्वतःच्या नावानं त्यांनी पुढे काही छापलं नाही. शिकवत राहिले. त्यांच्याकडे दिलेली वही मात्र आठ-आठ दिवस परत मिळत नसे, आणि मुलं कुरकुरत.