हिरव्या दिव्याआधीचा ठोका

आमचे हे एकतीस वर्षं सिलिंडर ठोकत होते. हसू नका, कामच होतं ते. ऑक्सिजन भरायच्या कारखान्यात रिकामे सिलिंडर परत आले की भरण्याआधी प्रत्येकाला हातोडीने एक ठोका द्यायचा आणि ऐकायचं. धड असेल तर खणखणीत वाजतो आणि बराच वेळ वाजत राहतो. आतून गंजला असेल तर बद्द. खणखणीत वाजला की खडूची रेघ मारून पुढे भरणीला, बद्द वाजला की बाजूला. दिवसाला तीनशे. साधी कपबशी घ्यायला गेलो तरी हे दुकानदारासमोर प्रत्येक कपाला टिचकी मारून बघणार. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तीन वर्षांपूर्वी मला पहिल्यांदा शंका आली. दाराची बेल वाजत होती आणि हे बेलखालीच बसून पेपर वाचत होते. मला वाटलं, नेहमीचा आळस. मी चांगलं तोंडसुख घेतलं. तर हे पेपर खाली करून विचारतात, "कोणावर चिडलीस गं?"

डॉक्टरकडे चला म्हणून मी महिनाभर मागे लागले. शेवटी एकदा म्हणाले, "कानात यंत्र आलं की हातातली हातोडी गेली. रिटायर व्हायला पाचच वर्षं राहिलीत. तू कुठे बोलू नकोस." आणि मी, जिच्या तोंडाला सगळी गल्ली टरकते ती मी, मूग गिळून गप्प बसले. माणसाचा मान जाईल म्हणून. त्यांच्या कानावर किती जणांचा जीव टांगलेला आहे, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मागच्या वर्षी कारखान्यात एआय आलं. ठोक्याचा आवाज माइकमधून कॉम्प्युटरकडे जायचा. त्याला ठीक वाटला तर हिरवा दिवा, नाही तर लाल. ते बसवायला आलेली इंजिनियर मुलगी मोठी गुणी. ह्यांना म्हणाली, "काका, मशीनही चुकतं. म्हणून त्याचा कान हवा आणि तुमचाही हवा. दोघांपैकी एकानेही नाही म्हटलं, तर सिलिंडर बाजूला काढायचा." बाकीच्यांनी नाकं मुरडली, आता आपली गच्छंती म्हणून. हे मात्र खूश. घरी येऊन दोनदा म्हणाले, मशीन चांगलं आहे. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

हे काय करत होते, ते मला फार उशिरा कळलं. ठोका मारायचे, मान तिरकी करून ऐकल्यासारखं करायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून दिवा बघायचे. हिरवा लागला की रेघ. कागदावर दोन तपासण्या, खरी एकच. आठ महिने निभावलं, कारण मशीन खरंच हुशार होतं. ह्यांच्याकडून पूर्वी सुटले असते असे चार सिलिंडर त्याने पकडले, हे ह्यांनीच मला सांगितलं. त्यामुळे उगाच मशीनला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

भरणीवर पहिलवान होता, सगळे त्याला त्याच नावाने हाक मारायचे. ह्यांच्याबरोबर एकाच आठवड्यात कामाला लागलेला. आमच्या मुलीच्या लग्नात तीन दिवस घरचं कार्य असल्यासारखा राबलेला. एका मंगळवारी सकाळी त्याने सिलिंडर नळीला जोडला, दाब चढला आणि तळ फाटला. सिलिंडर उसळला. पहिलवानाचा उजवा हात सिलिंडर आणि लोखंडी चौकटीच्या मध्ये सापडला. मनगटाखालचं काही वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर मुलगी आली. त्याच खेपेतले, अजून तपासायचे राहिलेले सिलिंडर तिने एकेक ठोकायला लावले. एकाला दिवा हिरवा लागला, आणि शेजारी उभा असलेला ट्रकचा ड्रायव्हर, ज्याचा या कामाशी काडीचा संबंध नाही, तो म्हणाला, "अहो, हा तर बद्द वाजतोय!" सगळ्यांनी ऐकलं. मुलीचा चेहरा पडला. तळाच्या कडेला असा गंज असला तर आवाज कसा येतो, ते मशीनला कधी ऐकवलंच नव्हतं म्हणे. ह्यांना कोणी काही विचारलं नाही. मशीनवर खापर फोडायला सगळे टपलेलेच होते. हे तिथेच उभे होते. ड्रायव्हर काय म्हणाला, ते त्यांना त्याच्या ओठांवरून कळलं.

संध्याकाळी सगळं मला सांगितलं. आठ महिन्यांचं सगळं. कारखान्याच्या साहेबांनी कागद तयार ठेवला होता: फाटलेला सिलिंडर ठोकून पाहिला, आवाज खणखणीत होता, दिवाही हिरवा होता. सकाळी जाऊन सही केली की हे सुटले.

मी काय म्हटलं, सांगू? "करून टाका सही," म्हटलं. "पहिलवानाचा हात काय परत येणार आहे?" एकतीस वर्षांचं नाव मातीत जाताना मला बघवत नव्हतं. हे म्हणाले, "तो आवाज कसा असतो, हे त्या मशीनला कोणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं." मग जेवले नाहीत. मीही नाही.

सकाळी साहेबांसमोर उभे राहून ह्यांनी सांगितलं, "साहेब, मी ऐकलंच नाही. आठ महिने दिवा बघून रेघ मारली." सही केली नाही. इंजिनियर मुलगी तिथेच होती, तिला म्हणाले, "पोरी, एक कर. आधी माणसाला रेघ मारू दे, मग दिवा लागू दे. आधी दिवा दिसला की माणूस ऐकायचं सोडतो. उद्या माझ्या जागी चांगल्या कानाचा आणलास तरी तोही सोडेल." तिने लगेच लिहून घेतलं. साहेब एवढंच म्हणाले, "तुम्ही घरी जा. कळवतो."

दुपारी आम्ही दोघं हॉस्पिटलमध्ये गेलो. ह्यांना एकट्याला जाऊ देण्याची माझी हिंमत नव्हती, आणि माझा वाटाही होताच की त्यात. पहिलवानाने डाव्या हाताने बसायची खूण केली. हे बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पहिलवानाची बायको पाण्याचा ग्लास घेऊन आली होती, ती तशीच थबकली.

पहिलवानाने तोंड भिंतीकडे वळवलं आणि अगदी हळू बोलला, "तो दिवा मला कुठून दिसणार? मी तुझी रेघ बघून जोडायचो."

हे पुढे वाकले. त्याचे ओठ दिसत नव्हते. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

मी सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. मग सगळ्या वॉर्डासमोर मला ते ओरडून सांगावं लागलं.